नाव घातलेल्या वाट्या

शेजारून आलेली वाटी तुम्ही परत कशी पाठवता? रिकामी, की तीत चिमूटभर का होईना साखर घालून? आणि ती वाटी कोणत्या घरातून आली हे कळल्यावर तुमचं उत्तर बदलतं का? खरं उत्तर मनाशी धरून ठेवा आणि मग पुढं वाचा. शेवटी मला तुमच्याकडं एक गोष्ट मागायची आहे.

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढलं ते मायचं भांड्यांचं पोतं. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी निळ्या कमानीचं बुद्धविहार. तिथं टेम्पो थांबवून अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले. चपला काढून, हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माय पोत्याला कवटाळून बसली होती. माझा थोरला भाऊ सिद्धूदादा तिला म्हणाला, "माय, लातूरला भांडे भेटत न्हाईत का?"

"भेटतेत. नाव घातलेले भेटत न्हाईत."

पोत्यात स्टीलच्या वाट्या होत्या. आजोबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या विधीला अण्णांनी वस्तीत घरटी एक वाटी वाटली होती. उरलेल्या आमच्याकडं राहिल्या. प्रत्येक वाटीच्या कडेला मशीननं टोचून अक्षरं कोरलेली: कालकथित लिंबाजी सोनकांबळे यांच्या स्मरणार्थ. गेलेल्या माणसाच्या नावाआधी गावातले बाकीचे लोक कैलासवासी लिहितात. आम्ही कैलासाला जात नाही, म्हणून आम्ही कालकथित लिहितो. हा एक शब्द वाचला की वाचणाऱ्याला आमच्याबद्दल जे जाणून घ्यायचं असतं ते सगळं कळतं. आडनावापर्यंत जायचीही गरज पडत नाही.

वैशाख पौर्णिमेला वस्तीत घरोघरी खीर शिजायची आणि या घरची वाटी त्या घरात जायची. परत येताना तीत साखर असायची, मूठभर शेंगा असायच्या, काहीच नसलं तर दोन हिरव्या मिरच्या. रिकामी वाटी कुणी परत करत नसे. नाव घालायचं ते यासाठीच, की वाटीनं आपलं घर चुकू नये.

अण्णा बिलोलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावत्या, आणि उरल्यासुरल्या कागदावर पदरच्या खर्चानं पत्रकं. वस्तीच्या रस्त्याचं, स्मशानाच्या जागेचं, अडकलेल्या शिष्यवृत्तीचं. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर, आणि गणितं सोडवली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी अण्णांचं पूर्ण नाव असायचं. "नाव कशाला टाकता, उगं डोळ्यावर येता," असं कुणी म्हणालं की ते सांगायचे, "बिननावाचं पत्रक म्हंजे भिंतीआडून मारलेला धोंडा." मग फ्लेक्स आले. छापखान्याच्या मालकानं मशीन भंगारात घातलं आणि अण्णांच्या बोटांना काम उरलं नाही. आमचं स्थलांतर दुष्काळानं झालं नाही, पुरानं झालं नाही. एक मशीन बंद पडलं आणि आम्ही उठलो.

लातूरला क्लासेसच्या भागात आम्ही आधी मेस टाकली. घरगुती जेवण, महिन्याचा डबा. डॉक्टर व्हायला जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली पोरं, त्यांच्यासोबत खोली करून राहणाऱ्या आया. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. बायका यायच्या, मायची भाजी चाखायच्या, "हाताला चव आहे हो तुमच्या" म्हणायच्या. मग बसल्या बसल्या विचारायच्या, "मूळचे कुठले तुम्ही? पाहुणे कुठं कुठं आहेत?" अण्णांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं: विचारलं तर सांगायचं, न्हाई विचारलं तरी सांगायचं. माय सांगायची. "बरं, मिस्टरांना विचारून कळवते," म्हणून ती बाई उठायची, आणि तिचे मिस्टर कुठं असतात कोण जाणे, त्यांचं उत्तर कधी यायचं नाही. मेस बंद पडली. आमच्या मेसमध्ये अंडंसुद्धा शिजत नव्हतं, तेव्हा मटणाचा बहाणाही कुणाला नव्हता.

सिद्धूदादा तेव्हा पुण्यात एका मेक्सिकन हॉटेलच्या भटारखान्यात होता. भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो शेगडीपर्यंत पोचला होता. तो सुट्टीवर आला आणि रिकाम्या मेसमध्ये उभं राहून म्हणाला, "अण्णा, इथं भाजीला जात हाय. टाकोला न्हाई अजून. ज्या जेवणाचं गावच कुणाला ठाव न्हाई, त्याला कोण इचारतंय पावणं कुठले म्हणून?"

असं, लांबच्या दुसऱ्या गल्लीत तोंडी बोलीवर नवा गाळा घेऊन, 'कासा मका' सुरू झालं. कासा म्हणजे घर, हे दादानं पुण्यात शिकलेलं, मका मायचा. मक्याचं पीठ माय भाकरीसारखंच परातीत मळायची, दोन तळव्यांत थापायची, फक्त लहान आणि पातळ. ती पोळी दुमडून दादा आत राजमा, कांदा, चीज भरायचा. समोरच्या झेरॉक्सवाल्या चाचांनी पहिल्या दिवशी टाको हातात उलटसुलट करून पाहिला.

"क्यों रे सिद्धू, भाकर मोड के दे रा क्या मेरेकू?"

"चाचा, मोडलेली न्हाई, दुमडलेली हाय. पुण्यात ह्याच्यासाठी लायनी लागतेत."

"तो पुनेवालों को दे ना मोडेली. मेरेकू सीधी दे, कोरमे के साथ."

पण खाल्ला त्यांनी. दुसऱ्या दिवशी परत आले, आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्सला आलेल्या पोरांना आमच्याकडं पाठवायला लागले.

पाटी दादानं करून आणली. पिवळीधमक, मक्याचं कणीस, मोठी टोपी. खाली नाव नाही. पैसे भरताना फोनवर दुकानाचंच नाव उमटायचं, आमचं नाही. मी अण्णांकडं पाहिलं. पत्रकाच्या तळाशी नाव नसलं तर अख्खा गठ्ठा परत छापणारा माणूस पाटीकडं बघून म्हणाला, "अक्षर चांगलं काढलंय." आणि भांडी विसळायला आत गेला. खोटं कुणी बोललं नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. 'न्हाई विचारलं तरी सांगायचं' हे अर्धं वाक्य आम्ही बिलोलीलाच सोडून आलो होतो.

ते दिवस सुखाचे होते, हे लिहिताना मला राग येतो, पण होते. टेस्टचा निकाल लागला की मुलींच्या टोळ्या यायच्या. मार्क आले तरी टाको, गेले तरी टाको. वरच्या मजल्यावर मुलींचं हॉस्टेल होतं. ते चालवणाऱ्या काकू दुपारी खाली येऊन मायकडून ठेचा शिकायच्या. गल्ल्यामागं आमची बुद्धमूर्ती होती. माय रोज संध्याकाळी तिच्यापुढं मेणबत्ती लावायची, आणि मुली त्या उजेडात सेल्फी काढायच्या. काकू एकदा म्हणाल्या, "किती छान शोपीस! कुठून घेतलात?"

"घरचेच हायत," माय म्हणाली.

काकूंना ते उत्तर समजलं नाही. मायला वाटलं, समजलं.

हॉस्टेलमधली एक मुलगी आमच्या घरचीच होऊन गेली. प्रणिता, धर्माबादची. वडिलांचा मिरचीचा व्यापार. दिवाळीहून येताना तिनं मायसाठी पोतडीभर लाल मिरची आणली होती. ती स्वयंपाकघरात मक्याच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, बसून फिजिक्स करायची आणि दादाला छळायची.

"मावशी, माझ्या टाकोत तुमचा ठेचा घाला. याचं ते टमाट्याचं पाणी नको."

"साल्सा म्हणतेत त्याला. शेफचा अपमान करून राहिली तू."

"शेफ म्हणे! मावशी हायत म्हणून दुकान चालून राहिलं तुझं."

माय थापता थापता हसायची. लातुरात माय हसली ती त्या कट्ट्याच्या आसपास.

मग वैशाख पौर्णिमा आली. माय पांढरं लुगडं नेसली, तिनं वंदना घेतली आणि मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर केली. आम्ही तिघं गिऱ्हाइकात गुंतलेलो. तिनं पोतं सोडलं, वाट्या पुसल्या, भरल्या, आणि गल्लीत घरोघर नेऊन दिल्या. हॉस्टेलवर, किराणा दुकानात, मालकाच्या घरी, खोल्या करून राहिलेल्या आयांना, चाचांना. प्रणितानं तिची वाटी मायच्या हातातूनच घेतली आणि जिना चढता चढता बोट बुडवून चाटत वर गेली.

मायला कुणी चूक म्हणू नका. तिनं काही उघड करायचं ठरवलं नव्हतं, काही लपवायचंही तिच्या मनात कधी नव्हतं. तिच्या हिशेबी आता ही गल्ली तिची वस्ती झाली होती, आणि वस्तीत पौर्णिमेला वाट्या फिरतात. वाटीवर काय कोरलंय याचा विचार तिनं केलाच नाही. तिला ती अक्षरं वाचता येत नाहीत. तिला फक्त एवढं माहीत होतं, की नाव घातलेली वाटी परत येते.

वाट्या परत आल्याही. संध्याकाळ व्हायच्या आत. हॉस्टेलच्या काकूंकडची कामवाली आली. वाटी भरलेली, सायही मोडलेली नाही. "काकूनला उपास हाय म्हणं." माय म्हणाली, "हाव, उपासाला तांदूळ चालत न्हाई," आणि वाटी आत नेऊन ठेवली. किराणावाल्याकडून आली ती पिशवीत घालून. "पोराला सर्दी हाय." मालकाकडची वाटी घासून, पुसून, कोरडी, रिकामी. नंतरच्या वाट्यांसोबत कारणंही आली नाहीत. कुणीतरी दाराशी ठेवून गेलं. माय प्रत्येक वाटी उचलताना आत डोकावून बघायची. दोन मिरच्या तरी असतील म्हणून.

चाचा स्वतः वाटी घेऊन आले. त्यांच्या दुकानातल्या बरणीतली लिमलेटच्या गोळ्यांची मूठ तीत होती. "घर में कोई नै था, आपा. दुकान में येईच मिला. खाली बर्तन कैसा देते?" माय आत्तापर्यंत रडली नव्हती. त्या गोळ्या बघून ती रडली.

अण्णांनी परत आलेल्या सगळ्या वाट्या समोरच्या टेबलावर मांडल्या, गिऱ्हाईक बसतं तिथं, आणि एकेक करून गार झालेली खीर खायला लागले. दादा म्हणाला, "अण्णा, आत बसून खावा की. लोक बघून राहिलेत."

"बघू दे. माझ्या बापाच्या नावाची हाय. नाल्यात ओतू का?"

त्यानंतर भांडण झालं नाही, दगड आला नाही, कुणी तोंडावर एक शब्द काढला नाही. गावात निदान तोंडावर बोलायचे. शहर बोलत नाही, शहर फक्त यायचं थांबतं. हॉस्टेलमध्ये सूचना निघाली, बाहेरचं खाऊ नका, पोट बिघडतं. शेजारच्या वडापाववर गर्दी तशीच होती. तो वडापाव बहुधा आतला असावा. वाढदिवसासाठी बोललेली टेबलं रद्द झाली. काकूंचं ठेचा शिकणं संपलं. मुली समोरच्या कडेनं जायला लागल्या. त्यांत प्रणिताही होती, मान खाली घालून.

एका सकाळी अण्णांनी शिडी लावली. पिवळ्या पाटीवर टोपीचं चित्र होतं, त्यावर पांढरा रंग फासला आणि छापखान्यातल्या सुबक वळणानं लिहिलं: सोनकांबळे यांचे मेक्सिकन भोजनालय. मग चाचांच्या मशीनवर पत्रक काढलं, शेवटचं. मोजक्या ओळी. वर्षभर तुम्ही आमच्या हातचं खाल्लं. तुम्हाला काही झालं नाही. आम्ही नाव सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो. आता या. तळाशी त्यांचं पूर्ण नाव. चाचांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत. "इश्तेहार है के दावतनामा, पैले वो बोलो मियाँ," म्हणजे जाहिरात आहे की आमंत्रण, एवढंच त्यांनी विचारलं.

दादा चिडला. "पत्रकानं पोट भरंल का अण्णा? नीट चाललं असतं. महिन्या-दोन महिन्यांत इसरले असते लोक."

"पोट भरलंच व्हतं रे वरसभर," अण्णा म्हणाले. "झोप कुठं लागून राहिली व्हती?"

दादाही चुकला नव्हता, हे मी आज लिहिते. ज्यानं भांडी घासत हे शिकून आणलं, त्यालाच ते लपवून विकावं लागलं. नाव सांगा म्हणणं सोपं असतं. नाव सांगितल्यावर शेगडी पेटती ठेवायची जबाबदारी कुणाची, हे आपल्या चळवळीच्या पत्रकांत कुठं लिहिलेलं असतं? मी शोधलं. मला सापडलं नाही.

पत्रक वाचून काही लोक आले. लातूरच्याच एका दूरच्या नगरातून आमचेच लोक आले, अभिमानानं टाको खाऊन गेले, अण्णांबरोबर फोटो काढून गेले. आमच्या गल्लीतून चाचांशिवाय कुणी आलं नाही. एके दिवशी प्रणिता पाटीखाली थांबली. नाव वाचत राहिली. माय थापता थापता उठली, हात पिठाचे. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काकूंची हाक आली, "प्रणिता, वर ये." ती वर गेली. मग मालक आले. "माझा काय राग न्हाई तुमच्यावर. पर गाळा माझ्या मेव्हण्याला पायजे." मेव्हणा आम्ही आजवर पाहिलेला नाही.

लातूर सोडताना टेम्पोत सगळ्यात शेवटी चढलं ते तेच पोतं. माय वाट्या पुसून पोत्यात ठेवत होती. ठेवून झाल्यावर म्हणाली, "एक न्हाई आली."

"जाऊ दे माय, एका वाटीचं काय."

"ज्या आल्या त्यांचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "जी न्हाई आली, तिच्यात जीव हाय माझा. जिनं ठेवली, तिनं खाल्ली तरी असंल. रिकामी कशी द्यावी, म्हणून ठेवली असंल."

आता आम्ही नांदेडला आहोत. आमच्याच लोकांच्या नगरात, पत्र्याच्या शेडमध्ये. पाटीवर आडनाव आधी आहे, मका नंतर. कुणी पाहुणे कुठले विचारत नाही, कारण सगळे पाहुणेच आहेत. लोक मला म्हणतात, बघ, आपल्या माणसांत आलात, बरं झालं. मला बरं वाटत नाही. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना जेवू घालायचं आणि त्याला घर म्हणायचं, हे मला मान्य नाही. वेशीबाहेरची वस्ती आणि हे नगर यांत मला सिमेंटच्या रस्त्याएवढाच फरक दिसतो. दादा पुन्हा पुण्याला गेला, दुसऱ्याच्या शेगडीवर. तिथं त्याला सगळे सिड म्हणतात. तो फोनवर मायला विचारतो, "पीठ कसं मळून राहिलीस?" आणि माय फोन खांद्याशी दाबून पोळी थापत राहते. मी कायदा शिकते, संध्याकाळी गल्ल्यावर बसते. अण्णा आता पत्रकं काढत नाहीत. त्यांचं आडनाव पाटीवर आहे, पण ते पाटीकडं बघत नाहीत.

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही विचारता, परत का येत नाही? कारण तिथं आमच्यासाठी वाट्या फिरतात, पण वस्तीपुरत्याच. आणि माझ्यासारखे निघून गेलेले, फ्लॅटच्या दारावर नुसतं पहिलं नाव लावून राहणारे माझे बहीणभाऊ, तुमची झोप कशी आहे? घर म्हणजे काय हे मला आता एवढंच कळतं: जिथं आपल्या नावाची वाटी दुसऱ्याच्या दारात जाते आणि भरून परत येते, ते. असं घर मला अजून मिळालेलं नाही. पण एक वाटी अजून बाहेर आहे, म्हणून ते नाहीच असं मी म्हणत नाही.

म्हणून मागणं एवढंच. आज स्वयंपाकघरात जा आणि मांडणीतली भांडी उलटीसुलटी करून बघा. दुसऱ्याचं नाव घातलेलं एखादं भांडं तुमच्याकडं राहिलेलं असेल. ते नाव मोठ्यानं वाचा, भांड्यात काहीतरी घाला, आणि ज्याचं त्याच्या दारात स्वतः नेऊन द्या. कामवालीच्या हाती नको, पिशवीत घालून नको. आणि त्या भांड्यावर कालकथित लिंबाजी सोनकांबळे असं कोरलेलं असेल, तर प्रणिता, नांदेडला ये. दोन मिरच्या चालतील. माय अजून रोज वाट बघते.